यंत्राच्या घरी यंत्र पाहुणे

पाहुण्यांचे प्रकार पुष्कळ असतात, आणि दिवाळीच्या दिवसांत ते सगळे एकदम भेटतात. काही पाहुणे पाहुण्यासारखेच राहतात. पाणीसुद्धा मागून पितात. काही दुसऱ्याच दिवशी आपल्याच कपाटातला टॉवेल आपल्यालाच काढून देतात. परंतु एक तिसरी जात मला अलीकडेच भेटली. या पाहुण्याला आपण पाहुणे आहोत हेच ठाऊक नसते. घर आपले, अंगण आपले, चूल आपली, अशा समजुतीत तो सुखाने नांदतो, आणि यजमानही त्याची समजूत मोडत नाही. हा पाहुणा म्हणजे एक संगणक. तो राहतो दुसऱ्या एका संगणकाच्या पोटात.

हे शब्द माझ्या पदरचे आहेत असे वाचकांनी समजू नये. या विद्येतली जाणती मंडळीच बाहेरच्या यंत्राला 'होस्ट' म्हणतात आणि आतल्याला 'गेस्ट'. आतल्या यंत्राचे पुरे नाव व्हर्च्युअल मशीन. आपल्याकडे कोणी त्याला आभासी यंत्र म्हणतात. पण आभास म्हटले की मला मृगजळ आठवते आणि तहान भागत नाही. यजमान आणि पाहुणा हेच बरे.

युक्ती तशी जुनी आहे. १९६० नंतरच्या दशकात संगणक म्हणजे दिवाणखान्याएवढे धूड, आणि किंमत राजेरजवाड्यांनाच परवडावी अशी. एक यंत्र आणि वापरणारे अनेक. अमेरिकेतल्या केंब्रिज गावी आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६७ साली 'सीपी-४०' नावाची एक व्यवस्था सुरू झाली. तिने एकाच यंत्राची चौदा यंत्रे केली. म्हणजे चौदा जणांना, हे अख्खे यंत्र माझ्या एकट्याचे आहे, असे वाटू लागले. चौदा जावा एका स्वयंपाकघरात, आणि प्रत्येकीला वाटावे की चूल आपल्या एकटीचीच! असे एकत्र कुटुंब माझ्या पाहण्यात नाही. १९७२ साली त्या कंपनीने हीच विद्या आपल्या गिऱ्हाइकांसाठी बाजारात आणली. घरगुती संगणकावर ती उतरली १९९९ च्या सुमारास, आणि २००७ पासून व्हर्च्युअलबॉक्ससारखी साधने फुकटही मिळू लागली.

एका महागड्या यंत्राची वाटणी करण्यासाठी निघालेली ही विद्या. आमच्या एटापल्लीत मात्र तिच्याकडून एका मेलेल्या यंत्राला बोलते करण्याचे काम घ्यावे लागले.

आलापल्लीहून एटापल्ली तीसेक किलोमीटर. दुतर्फा सागाचे जंगल. पावसाळ्यात नाले चढले की बाहेरचे जग दोन-दोन दिवस बाहेरच राहते. या तालुक्यातल्या लहान लहान गावांत एका गुरुजींनी उभा जन्म शिकवले. मी नोकरीला लागलो तेव्हा ते निवृत्त झालेले होते. पण शाळेत नवा मास्तर आला की त्याला घरी बोलावून चहा पाजायचा आणि चार माडिया शब्द पाठ करून घ्यायचे, हा त्यांचा नेम होता. माझेही पाठांतर झाले. एर म्हणजे पाणी. नार म्हणजे गाव. पेन म्हणजे देव. "पोराला तहान लागली तर ते 'पाणी' म्हणून रडणार नाही, मास्तर," असे ते म्हणत. "ते 'एर' म्हणेल. तुम्हाला कळले नाही तर ते गप्प बसेल. आणि एकदा गप्प बसलेले पोर पुढे दोन वर्षे बोलत नाही."

गुरुजी शब्द जमवीत. आठवड्याच्या बाजारात, मोहफुले वेचायच्या दिवसांत, तेंदूपानांच्या फडीवर, जिथे माणूस भेटेल तिथे. शब्द, म्हणी, गाण्यांचे तुकडे, गोष्टी. चिठ्ठ्यांवर लिहीत आणि चिठ्ठ्या पत्र्याच्या पेटीत टाकीत. पेटीला दोनदा वाळवी लागली. दुसऱ्यांदा लागली तेव्हा त्यांनी एक गोष्ट केली, जिला गाव बरेच दिवस हसत होते. १९९९ साली चंद्रपूरच्या एका डीटीपीवाल्याकडून त्यांनी जुना संगणक विकत घेतला आणि बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी करीत एस.टी.ने एटापल्लीला आणला. डबा सीटखाली आणि मॉनिटर मांडीवर. कंडक्टरने मॉनिटरचे अर्धे तिकीट लावले, असे ते सांगत. खरे-खोटे देव जाणे. प्रिंटर घ्यायला पैसे उरले नाहीत. गुरुजी रोज रात्री वीज असेल तोवर एकेक चिठ्ठी टाइप करीत, आणि वाळवीला चकवले म्हणून समाधानाने झोपत.

यंत्राची वाळवी निराळी असते, हे त्या वेळी आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

येथे थोडे थांबून मराठी अक्षरांची हकिकत सांगितली पाहिजे. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. त्या काळच्या फाँटात अक्षरांसाठी जागा दोनशे छप्पन्न, आणि त्यातल्या पहिल्या अर्ध्या रोमन लिपीने अडवलेल्या. तेव्हा आपल्या लोकांनी एक भाडेकरूची युक्ती काढली. रोमन अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचे चित्र बसवायचे. कृतिदेव नावाचा फाँट घ्या. त्यात आपण 'राम' टाइप केला की यंत्र आपल्या वहीत जे, के, ई ही तीन रोमन अक्षरे लिहून ठेवते. पडद्यावर मात्र त्यांच्या जागी र, काना आणि म यांची चित्रे उमटतात. फाँट काढून घेतला की राम नाहीसा होतो आणि जे-के-ई उरते. बरे, सगळ्यांची बैठक एक असती तरी चालले असते. श्रीलिपीची बैठक निराळी, आकृतीची निराळी, पुण्याच्या सी-डॅकच्या फाँटांची निराळी. एकाचे लिहिलेले दुसऱ्याला वाचता येईना.

यावर उपाय निघत होते. इस्की नावाची भारतीय मानकपद्धती १९९१ साली पक्की झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि जगाच्या वहीत देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले. विंडोज २००० पासून देवनागरी यंत्रातच येऊ लागली. तिच्याबरोबर आलेला 'मंगल' हा फाँट आपल्या र. कृ. जोशी यांनी घडवलेला. परंतु छापखाने आणि कचेऱ्या जुन्याच वाटेने पुढे कितीतरी वर्षे जात राहिल्या. हाताला वळण लागलेले असते. ते मानकाने मोडत नाही.

या सगळ्याचा परिणाम काय झाला, ते दिवाळी अंकांच्याच वाचकांना सांगणे सोपे. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. शिशाच्या खिळ्यांनी छापलेला तो अंक आज कोणाच्या हाती लागला तर वाचायला फार तर चष्मा लागेल. १९९९ सालच्या एखाद्या अंकाची संगणकातली फाइल मात्र आज उघडायला जा! जे-के-ई असे अक्षरांचे कडबोळे समोर येते. नव्वद वर्षांनी धाकटा असलेला भाऊ आधी म्हातारा झाला.

गुरुजी २००८ साली गेले. त्यांचा संगणक काकूंनी जुन्या लुगड्यात गुंडाळून कोठीत ठेवला. पुढे कोणी चालू करून पाहिला तर तो चालू होईना. एकदा वीज कमी-जास्त झाली त्यात आतले काहीतरी जळले होते. तरी पण आतली हार्ड डिस्क शाबूत होती. ती काही वर्षांपूर्वी एका शहरात नेऊन तिच्यावरच्या फाइली काढून आणल्या, आणि त्यांतला मजकूर जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या एका प्रोग्रॅममधून गाळून घेतला. छापील कागद हाती आले तेव्हा काकूंच्या डोळ्यांत पाणी आले. किरकोळ खोड्या होत्या. पहिली वेलांटी हात आधी काढतो आणि जीभ नंतर म्हणते. रफाराचे नेमके उलट, जीभ आधी म्हणते आणि हात शेवटी काढतो. जुने फाँट हाताच्या बाजूचे, युनिकोड जिभेच्या बाजूचा. त्या दोघांच्या भांडणात काही वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसल्या होत्या. त्या मी लाल पेन्सिलीने जागेवर आणल्या आणि काम झाले असे सगळ्यांनी धरले.

काम झालेले नव्हते. ते सांगितले एका म्हातारीने.

माझा एक जुना विद्यार्थी नागपूरला संगणकाचे शिकतो. तालुक्यातल्याच एका आडगावचा, माडिया घरातला. सुटीत आला तेव्हा कागदांची एक प्रत तो आपल्या आजीकडे घेऊन गेला. कारण एका गोष्टीखाली गुरुजींनी त्याच्याच गावाचे नाव घातले होते. चार दिवसांनी परत आला तो जरा ओशाळलेला. म्हणाला, "सर, आजी हसते. म्हणते, हे आमचे बोलणे नाही. शाळेतल्या बाईंनी माडिया बोलावे तसे आहे."

"शब्द चुकलेत का?"

"शब्द तेच आहेत. पण काही अक्षरे सपाट झालीत."

सपाट! मला तो शब्द फार आवडला आणि मनाला लागलाही. गुरुजींचा कान मला ठाऊक होता. माझ्या तोंडून एकेक उच्चार ते पाच-पाच वेळा काढून घेत. त्यांनी सपाट लिहिले असेल हे मला पटेना. पण चिठ्ठ्या वाळवीने खाल्लेल्या, छापील कागद गुरुजींनी कधी काढलेलाच नाही. त्यांनी काय लिहिले हे सांगणारी एकच जागा उरली होती. तो त्यांचा स्वतःचा पडदा, आणि तो तर विझलेला.

"मग तोच पडदा पुन्हा लावू," मुलगा म्हणाला.

त्याने केले ते असे. हार्ड डिस्क एका छोट्या जोडणीने लॅपटॉपला लावली आणि तिची अथपासून इतिपर्यंत नक्कल करून घेतली. निवडक फाइलींची नव्हे, अवघ्या डिस्कची, रिकाम्या जागांसकट. अवघी चार जीबी! हल्ली एका लग्नाचे फोटो याहून जड असतात. मूळ डिस्क परत लुगड्यात गेली. मग लॅपटॉपात व्हर्च्युअल मशीन मांडले आणि ती नक्कल त्याच्या स्वाधीन केली: ही घे तुझी डिस्क.

आजच्या बहुतेक लॅपटॉपांचा मेंदू १९७८ सालच्या ८०८६ नावाच्या चिपच्याच वंशातला आहे. नातवाला आजोबांची भाषा अजून कळते. जुन्या यंत्राच्या आज्ञा तो थेट पाळू शकतो. अडचण असते ती घरसंसाराची. नव्या चौसष्ट बिटांच्या विंडोजवर सोळा बिटांचे जुने प्रोग्रॅम चालतच नाहीत, आणि त्या काळच्या पुष्कळ प्रोग्रॅमांची मांडामांड करून देणारा भागच सोळा बिटांचा असे. म्हणून पाहुण्याभोवती त्याच्या काळचे घर उभे करावे लागते. लॅपटॉपात साउंड ब्लास्टर १६ नावाचे १९९२ सालचे ध्वनीचे कार्ड नसते. पण पाहुण्याला ते आहे असे दाखवता येते, आणि तो बिचारा त्याच्याशी बोलतो. आमच्याकडे दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. मागच्या पडद्यावर राजवाडा रंगवलेला, पडद्यामागे धानाचे कापलेले शेत, आणि राजा त्या राजवाड्यात खरोखरच राहत असल्यासारखा रात्रभर बोलतो. पहाटे तोच राजा मुकुट काढून धानाची मळणी करायला जातो. या पाहुण्याचे नाटक मात्र संपत नाही, आणि आपण नाटकात आहोत हे त्याला कोणी सांगत नाही.

जागा झाला तेव्हा तो गोंधळला होता. पडद्यावर विंडोज ९८ चे ढग आले. या विंडोजची देखभाल तिच्या कंपनीने २००६ सालीच थांबवली. तेव्हापासून ती अनाथ आहे. मग एकामागून एक चौकटी: नवीन हार्डवेअर सापडले, नवीन हार्डवेअर सापडले. शुद्धीवर आलेला माणूस 'मी कुठे आहे' असे विचारतो ना, तसेच. मुलाने त्याला शांतपणे एकेक गोष्ट समजावून दिली. इंटरनेटची वाट तेवढी बंद ठेवली. इतक्या वर्षांपूर्वीचा माणूस आजच्या बाजारात सोडला तर पहिल्याच चौकात लुबाडला जाईल. आणि सगळे मार्गी लागल्यावर स्नॅपशॉट घेतला. म्हणजे त्या क्षणाची स्थिती बांधून ठेवली. पुढे काही बिघडले तरी तेथवर परत येता येते. ही सोय माणसाच्या आयुष्यात असती तर कादंबऱ्या लिहायचे काम उरले नसते.

यानंतर आले कुलूप. गुरुजींनी घेतलेल्या मराठी सॉफ्टवेअरला जुन्या पद्धतीचे लॉक होते. संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरच्या जागी एक बोटभर ठोकळा लावायचा. तो नसेल तर सॉफ्टवेअर ओळख दाखवीत नाही. ठोकळा काकूंच्या डब्यात सापडला. पण लॅपटॉपला ती जागाच नाही, आणि पाहुण्याच्या सोंगातल्या जागेत खरा ठोकळा बसायचा कसा? मी हात टेकले. मुलगा म्हणाला, "सर, लॉक कळफलकाला आहे. मराठी टाइप करायचे असेल तर पाहिजे. फाँट तर विंडोजमध्ये आधीच बसलेला आहे; तो कोणाला काही विचारत नाही. लिहायला कुलूप आहे. वाचायला नाही."

त्याने पेजमेकर उघडला आणि गुरुजींची फाइल वर घेतली.

अठरा-वीस वर्षांनी ते पान उजेडात आले. अक्षरे जरा जाडजूड, कडा पायऱ्यापायऱ्यांच्या. गुरुजींनी दोन रकाने केले होते, मधे बारीक रेघ. आणि रकान्यातल्या काही अक्षरांच्या खाली, अगदी चिकटून, एक लहानसा अर्धचंद्र होता. छापील कागदावर तो कुठेच नव्हता.

आम्ही त्याचा माग काढला. तो मुळात अक्षरातला नव्हताच. फाँटात लग्नपत्रिकांच्या कोपऱ्यांसाठी जी नक्षी देतात, त्या नक्षीतला तो एक तुकडा. माडियातला एक उच्चार घशातून निघतो आणि आपल्या बाराखडीत त्याला घर नाही. गुरुजींनी त्याच्यासाठी नक्षीतला अर्धचंद्र उचलला, त्याचा आकार बारीक केला आणि हजारो ठिकाणी हाताने अक्षराखाली नेऊन बसवला. फाँट बदलणारा प्रोग्रॅम हा सरळमार्गी कारकून असतो. त्याच्या यादीत क आहे, ख आहे, काना-मात्रा आहेत, नक्षी नाही. यादीत नाही ते त्याने गाळले.

मुलाने अर्धचंद्राचा एक शब्द वाचून दाखवला. मी म्हणून पाहिला. तो हसला, आजीसारखेच हसला असावा.

गोंडीच्या लिप्या आता युनिकोडमध्ये आल्या आहेत. बालाघाटकडच्या मुनशी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली घडवलेली लिपी २०१७ साली आली, आणि आदिलाबादेतल्या गुंजाळा गावच्या पोथ्यांतली २०१८ साली. गुरुजींच्या वेळी यातले काहीच हाताशी नव्हते. होता तो लग्नपत्रिकेचा कोपरा.

तेव्हापासून दर सुटीत आमचे काम चालते. पाहुण्याच्या पडद्यावरचे पान मुलगा वाचतो, मी माझ्या साध्या संगणकावर युनिकोडमध्ये उतरवून घेतो. अर्धचंद्राच्या जागी आम्ही नुक्ता धरला आहे. तो युनिकोडच्या वहीत आहे, कोणताही कारकून त्याला गाळणार नाही. काम हळू होते. मला त्याची घाई नाही. फाइलींना तारखा आणि वेळाही आहेत, त्या मी वाचीत बसतो. शेवटची फाइल पावसाळ्यातली आहे, रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांची. त्या रात्री वीज होती म्हणायची.

शेवटच्या फाइलीत प्रश्नचिन्हे फार आहेत. शब्द आहे, पुढे अर्थ अर्धवट, त्यापुढे प्रश्नचिन्ह. गुरुजींना कोणाला तरी परत भेटून खात्री करायची असणार. यंदाच्या मे महिन्यात मुलगा लॅपटॉप पाठीवरच्या पिशवीत टाकून त्याच्या गावी गेला, आणि मीही गेलो. ज्या यंत्रासाठी एस.टी.त मांडी द्यावी लागली होती, ते त्या पोराच्या पाठीवर रानवाटेने चालले होते, डब्यासकट आणि पडद्यासकट.

आजी अंगणात बसली होती. मुलाने पाहुण्याला जागे केले आणि प्रश्नचिन्हाचा पहिला शब्द वाचला. गुरुजींनी पुढे 'टोपली?' असे लिहिलेले होते.

आजीने मान हलवली. टोपली कशाला, ती म्हणाली. ते मासे ठेवायचे. धान्याची टोपली वेगळी, मोहाची वेगळी. त्यांची नावे वेगळी. तिने ती सांगितली, आणि हातांनी तिन्हींचे आकार हवेत करून दाखवले. मुलगा माझ्यासाठी मराठी करीत होता, मी वहीत लिहीत होतो. मग ती त्याला काहीतरी म्हणाली, आणि तो पटकन बोलेना.

"काय म्हणते?" मी विचारले.

"म्हणते, एवढे विचारून ठेवले, तर तो मास्तर उत्तर घ्यायला परत का नाही आला?"

त्याने तिला हलक्या आवाजात सांगितले. आजी जरा वेळ बोलली नाही. मग पदराने पडद्यावरची धूळ पुसली आणि पुढचा शब्द वाच म्हणाली.